स्वस्त, महाग, जुनी, नवी: दोन गिटारींची तुलना करायची कशी

गिटार घ्यायला निघालेल्या माणसाला सल्ला द्यायला दहा जण तयार असतात. एक म्हणतो, एकदाच महागडी घे, जन्मभर पुरेल. दुसरा म्हणतो, साठच्या दशकातल्या लाकडाचा आवाज आता मिळणे नाही. तिसरा म्हणतो, सगळी जाहिरातबाजी आहे, स्वस्तातली घे आणि रियाज कर. तिघांच्याही म्हणण्यात थोडं थोडं तथ्य असतं. पण समोर ठेवलेल्या दोन गिटारींपैकी तुमच्यासाठी कुठली बरी, हे त्यातून कळत नाही. ते कळायला दोन्ही वाजवून बघाव्या लागतात आणि वाजवून बघण्याचीही एक रीत आहे. ती पाळली नाही, तर तुलना होते ती तारांची, ॲम्पच्या (आवाज मोठा करणाऱ्या पेटीच्या) बटणाची, नाहीतर गिटारीच्या डोक्यावर छापलेल्या नावाची. गिटार बिचारी बाजूलाच राहते.

ही रीत मी बऱ्याच चुका करून शिकलो. त्यातली एक चूक पुढे सांगतो, कारण ती जुन्या गिटारीच्या मोहात पडणारे बहुतेक जण करतात.

आधी दोघींना एका पातळीवर आणा

दुकानात भिंतीला टांगलेल्या स्वस्त गिटारीवर बहुतेक वेळा कारखान्यातून आलेल्याच तारा असतात. कित्येक महिने दमट हवा आणि परक्या बोटांचा घाम खाऊन त्या मेलेल्या असतात. शेजारची महागडी गिटार मात्र नुकत्याच तारा बदलून, पुसूनपासून ठेवलेली. दोन्ही छेडून तुम्ही म्हणता, ‘वा, हिचा आवाज किती मोकळा!’ मोकळा असतो तो तारांचा आवाज. म्हणून पहिली पायरी ही: दोन्ही गिटारींवर एकाच जाडीच्या नव्या तारा चढवून घ्या. इलेक्ट्रिकला साधारण ९ किंवा १० नंबरचा संच, अकूस्टिकला १२ चा. दुकानदार तयार नसेल तर तारांचे पैसे तुम्ही द्या. तेवढा खर्च चुकीची गिटार घेण्यापेक्षा नेहमीच कमी असतो.

मग दोन्ही ट्यूनरवर नीट सुरात लावा आणि दोन मापं घ्या. यासाठी फक्त एक बारीक खुणांची पट्टी लागते.

पहिलं माप ॲक्शनचं, म्हणजे तार फ्रेटपासून किती उंच आहे त्याचं. फ्रेट म्हणजे नेकवर, गिटारीच्या लांब दांड्यावर, बसवलेल्या धातूच्या आडव्या पट्ट्या. बाराव्या फ्रेटवर सर्वांत जाड तारेखालची उंची इलेक्ट्रिकवर १.६ ते २ मिमी, अकूस्टिकवर साधारण २.४ ते २.८ मिमी असली म्हणजे ठीक. चार मिमी असेल तर त्या गिटारीवर बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबून) धरताना मनगट भरून येईल आणि दोष तुम्ही स्वतःच्या बोटांना द्याल.

दुसरं माप नेकच्या बाकाचं. नेक अगदी सरळ नसते. तारेला कंप पावायला जागा हवी म्हणून तिला किंचित खोलगट बाक ठेवलेला असतो. जाड तार पहिल्या फ्रेटवर एका हाताने आणि नेक जिथे बॉडीला मिळते त्या फ्रेटवर दुसऱ्या हाताने दाबा. आता ताणलेली तारच तुमची सरळ पट्टी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटजवळ तार आणि फ्रेट यांच्यात ०.२ ते ०.३ मिमी फट दिसली पाहिजे, म्हणजे जाडसर कागद जेमतेम सरकेल एवढी. फट बरीच मोठी असेल किंवा मुळीच नसेल, तर ट्रस रॉड फिरवून ती सुधारता येते. ट्रस रॉड ही नेकच्या पोटातली लोखंडी सळई.

ही दोन मापं सारखी केली, की स्वस्त आणि महाग यांच्यातलं निम्मं अंतर तिथल्या तिथे मिटतं. हे मी वाढवून सांगत नाही. चांगला कारागीर तासा-दोन तासांत जो सेटअप, म्हणजे ही सगळी मापं जुळवण्याचं काम, करून देतो, तो मधल्या किमतीची गिटार आणि तिच्या चौपट किमतीची गिटार यांना अनेकदा इतकं जवळ आणतो, की नवशिक्याच्या हाताला फरक जाणवत नाही.

इलेक्ट्रिक असेल तर ॲम्प एकच, वायर एकच, ॲम्पची बटणं त्याच जागी. आणि आवाजाची पातळी कानाने जुळवून घ्या. दोन आवाजांपैकी जो किंचित मोठा असतो तो माणसाच्या कानाला ‘चांगला’ वाटतो. जोरदार पिकअपची (तारांचा कंप विजेत बदलणाऱ्या चुंबकी भागाची) गिटार त्यामुळेच पहिल्या मिनिटात बाजी मारते आणि दहाव्या मिनिटाला डोकं उठवते.

मग डोळे मिटा

ही पायरी लोक हसण्यावारी नेतात. मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाची हीच.

इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहा अकूस्टिक गिटारी एकाच घडणीच्या बनवून घेतल्या. फरक एवढाच की पाठ आणि बाजू वेगवेगळ्या लाकडांच्या होत्या: ब्राझिलियन रोझवुडपासून अक्रोड आणि मेपलपर्यंत. बावन्न वादकांना त्या न बघता वाजवायला दिल्या. दुर्मीळ, महागड्या लाकडाच्या गिटारीला त्यांनी जे गुण दिले, तेच जवळपास साध्या लाकडाच्या गिटारीलाही दिले. व्हायोलिनच्या बाबतीत त्याआधी, २०१० मध्ये, इंडियानापोलिसला असाच प्रयोग झाला होता. तीन नवी व्हायोलिनं आणि तीन अठराव्या शतकातली, इटालियन उस्तादांच्या हातची. वादकांना सर्वांत कमी आवडलेलं व्हायोलिन एक स्ट्रॅडिव्हेरियस निघालं.

यावरून सगळ्या गिटारी सारख्याच असा अर्थ काढू नका. डोळ्यांनी किंमत वाचली की कान तिची री ओढतात, एवढाच तो अर्थ. कुणालाही करता येईल अशी सोपी युक्ती सांगतो. मित्राला सोबत न्या. तुम्ही पाठ करून बसा आणि त्याला तीच ओळ दोन्ही गिटारींवर आलटून पालटून वाजवायला लावा. त्यानंतर तुम्ही वाजवा आणि फोनवर ध्वनिमुद्रण करा. फाइलना नावं देऊ नका, नुसते आकडे द्या. कुठला आकडा कुठल्या गिटारीचा ते मित्राच्या चिठ्ठीत राहू दे. दुसऱ्या दिवशी सकाळी ऐका. मी एकदा माझ्याच चार गिटारींवर हा खेळ केला आणि दोन चुकीच्या ओळखल्या. त्यातली एक माझी लाडकी होती.

जास्तीचे पैसे जातात कुठे

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तारा, मापं, आवाज सगळं सारखं केल्यावरही काही फरक उरतोच. तो कशातून येतो हे कळलं, तर कुठे पैसे घालायचे आणि कुठे नाही हेही कळतं.

पहिला फरक माणसाच्या हाताच्या वेळाचा. १९९० च्या दशकापासून गिटारींच्या कारखान्यांत संगणकावर चालणारी कटाईची यंत्रं पसरत गेली. त्यामुळे स्वस्त गिटारीचीसुद्धा बॉडी आणि नेकची खाच आज अचूक कापलेली असते. जुन्या स्वस्त गिटारींत नेक आणि बॉडीच्या मधे आगपेटीची काडी बसेल एवढी फट दिसायची. ते दिवस गेले. पण बऱ्याच अंशी हातानेच होणारं एक काम अजून बाकी आहे आणि ते म्हणजे फ्रेटचं. फ्रेट ठोकून बसवल्यावर सगळ्या एका पातळीत घासणं, माथे गोल करणं, कडा गुळगुळीत करणं हे तासन्‌तासांचं काम आहे. स्वस्त गिटारीत ते घाईने उरकतात. नेकच्या कडेवरून तळहात वर-खाली फिरवा. करवतीच्या दात्यांसारखं टोचलं, तर समजा की इथे पैसे वाचवले आहेत, किंवा लाकूड सुकून आकसल्याने फ्रेटची टोकं बाहेर आली आहेत. टोकं घासून देणं फार अवघड नाही. पण फ्रेट वर-खाली असतील तर काही स्वर झणझणतील, काही दबून जातील, आणि ते दुरुस्त करणं खर्चाचं आहे. म्हणून प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट एकदा वाजवाच. कंटाळवाणं आहे, पाच मिनिटं लागतात, पण चुकवू नका.

दुसरी जागा नट, म्हणजे नेकच्या टोकाची ती छोटी पांढरी पट्टी. स्वस्त गिटारीत ती बहुधा प्लास्टिकची आणि तिच्या खाचा उथळ. खाच उथळ असली की तार पहिल्या फ्रेटवर उंच राहते, एफ कॉर्ड धरता धरता नवशिका रडकुंडीला येतो आणि धरला तरी स्वर चढा लागतो. तपासायची पद्धत: तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा. केसाएवढी फट दिसली पाहिजे. जास्त दिसली तर खाच खोल करून घ्या. ‘गिटार सुरात राहत नाही’ ही तक्रारही बहुतेक वेळा नटचीच असते, खुंट्यांची नव्हे. तार खाचेत अडकते आणि खुंटी फिरवताना ‘टिक्’ असा आवाज येतो, तेव्हा दोषी सापडला म्हणून समजा. लोक मात्र आधी महागड्या खुंट्या विकत आणतात.

तिसरा फरक पिकअप आणि आतल्या वायरिंगचा, अर्थात इलेक्ट्रिकमध्ये. स्वस्त सिंगल-कॉइल (तारेच्या एकाच गुंडाळीच्या) पिकअपमध्ये बरेचदा खाली सिरॅमिक चुंबकाची पट्टी आणि वर लोखंडी खिळे असतात. महागड्यात ॲल्निको या मिश्रधातूच्या चुंबकाच्याच कांड्या. सिरॅमिक म्हणजे वाईट, असा नियम नाही. त्याचा आवाज अधिक कडक, तर ॲल्निकोचा सहसा मऊ. पोटेन्शिओमीटर, म्हणजे आवाजाची आणि टोनची फिरती बटणं, सिंगल-कॉइलला साधारण २५० किलोओहमची आणि हंबकरला, म्हणजे दोन गुंडाळ्यांच्या पिकअपला, ५०० ची वापरतात. छापलेला आकडा आणि खरा आकडा यांत स्वस्त मालात बरंच अंतर पडू शकतं आणि त्यानेही आवाज उजळ किंवा मंद होतो. मात्र हे सगळं नंतर बदलता येतं. सोल्डरिंग येणाऱ्या माणसाचं एका दुपारचं काम.

शेवटची दोन वाक्यं पुन्हा वाचा, कारण स्वस्त-महागाच्या तुलनेतली किल्ली तिथे आहे. समोरच्या गिटारीतली प्रत्येक उणीव ‘बदलता येण्यासारखी’ की ‘न बदलण्यासारखी’ हे स्वतःला विचारा. पिकअप, बटणं, खुंट्या, नट, ब्रिजचे (बॉडीवर तारा जिथे बसवतात त्या जागेचे) भाग बदलता येतात. नेकचा आकार, पिळलेली नेक, अकूस्टिकची वरची फळी, बॉडीचं वजन यांना फारसा इलाज नसतो. नेक चांगली आणि पिकअप सुमार असलेली गिटार घ्या. पिकअप उत्तम आणि नेक पिळलेली असेल, तर कितीही स्वस्त असो, सोडून द्या.

लाकडाचं काय? इलेक्ट्रिकमध्ये बॉडीच्या लाकडाला जितकं माहात्म्य देतात तितकं ते नाही असं माझं मत आहे, आणि त्यावरून माझी भांडणंही झाली आहेत. डॅनइलेक्ट्रो या अमेरिकी कंपनीच्या १९५० च्या दशकातल्या गिटारी लाकडी चौकटीवर मॅसोनाइटचे, म्हणजे दाबलेल्या लाकडी तंतूंचे पत्रे लावून बनवलेल्या होत्या. पिकअपचं आवरण म्हणजे चक्क लिपस्टिकच्या नळ्या. सियर्स या अमेरिकी दुकानसाखळीतून त्या नवशिक्यांना विकल्या जात. पुढे लेड झेपलिनच्या जिमी पेजने तसलीच डॅनइलेक्ट्रो मोठमोठ्या मंचांवर वाजवली. क्वीन या बँडच्या ब्रायन मेने १९६३ मध्ये वडिलांच्या मदतीने जी गिटार बनवायला घेतली, तिची नेक जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडातली आणि ट्रेमोलोच्या (स्वर वर-खाली हलवायच्या दांड्याच्या) स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या. तीच गिटार तो जन्मभर वाजवत आला.

अकूस्टिकची गोष्ट वेगळी. तिथे आवाज लाकूडच काढतं, त्यामुळे वरची फळी अखंड लाकडाची आहे की प्लायची, हा महत्त्वाचा प्रश्न. ओळखायला साउंडहोलच्या, म्हणजे फळीतल्या गोल भोकाच्या, कडेत नीट बघा. वरून दिसणाऱ्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरल्या तर फळी अखंड. कडेत थर दिसले तर प्लाय. अखंड स्प्रूसची (फळीसाठी वापरतात त्या लाकडाची) फळी वाजता वाजता मोकळी होत जाते असं वादक सांगतात. प्लाय जवळजवळ आहे तशी राहते. पण प्लायला हिणवू नका. ती हवेतल्या फरकाने सहजी तडकत नाही, प्रवासाला बरी. यामाहाची १९६६ ची एफजी-१८० ही गिटार प्लायचीच होती आणि आजही लोक ती शोधून शोधून वाजवतात. अखंड लाकडाची गिटार घेतलीत, तर खोलीतली आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास ठेवण्याची जबाबदारीही तुम्ही घेतलीत हे विसरू नका.

उरलेले पैसे जडावकामात, चकाकीत आणि नावात जातात. ते आवडत असेल तर खुशाल द्या. फक्त ते आवाजासाठी दिले असं स्वतःला सांगू नका.

जुनी की नवी

जुनं ते सोनं हे म्हणायला ठीक. गिटारीत जुन्याचेही प्रकार आहेत आणि त्यातले काही पितळ आहेत.

थोडा इतिहास लागेल. फेंडर आणि गिब्सन या दोन जुन्या अमेरिकी कंपन्या. फेंडरची टेलिकास्टर १९५१ मध्ये त्या नावाने आली, स्ट्रॅटोकास्टर १९५४ मध्ये. गिब्सनची लेस पॉल १९५२ ची. १९५८ ते १९६० या काळातल्या सनबर्स्ट रंगाच्या लेस पॉल आज संग्राहकांच्या स्वप्नात येतात. जानेवारी १९६५ मध्ये फेंडर कंपनी सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने विकत घेतली. पुढे उत्पादन वाढलं आणि काटकसर आली. १९७० च्या दशकात स्ट्रॅटोकास्टरची नेक चारऐवजी तीन स्क्रूंवर आली आणि काही नेक खाचेत हलू लागल्या. गिब्सनही १९६९ च्या सुमारास नव्या मालकांकडे गेली. त्या काळात बॉडी थरांची, एकावर एक चिकटवलेली झाली आणि बऱ्याच गिटारी जड निघाल्या. या गिटारींनाही आज ‘व्हिंटेज’ म्हणतात. त्यातल्या काही सुंदर आहेत, काही नुसत्याच जुन्या. पाटीवर सत्तरचं दशक वाचून हुरळून जाऊ नका.

गंमत म्हणजे, ज्यांच्या आवाजामुळे आपण जुन्या गिटारींवर भाळतो, त्यांतल्या कित्येकांनी तेव्हाच्या नव्या गिटारी वाजवल्या. जिमी हेंड्रिक्सने ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात वाजवलेली पांढरी स्ट्रॅटोकास्टर १९६८ ची होती. म्हणजे वर्षभराची, आणि तीही सीबीएसच्या काळातली.

मग जुन्यात विशेष काय? एक म्हणजे नायट्रोसेल्युलोजचं पॉलिश. ते पातळ असतं, वर्षानुवर्षांनी त्याला बारीक भेगा जातात, हाताला कोरडं, उबदार लागतं. (ते रबराच्या स्टँडवर ठेवलं तर काळे डाग पडतात, तेवढं सांभाळा.) फेंडरने साठच्या दशकाच्या अखेरीस जाड पॉलिएस्टरकडे मोर्चा वळवला. दुसरं, पिकअपमधला हाताचा बेशिस्तपणा. गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये हंबकरच्या पेटंटसाठी अर्ज केला. पुढे काही वर्षं पिकअपखाली ‘अर्ज केला आहे’ अशी चिठ्ठी चिकटवत. तारेचे वेढे नेमके मोजायची सोय त्या यंत्रांवर नव्हती, हाती येईल तो ॲल्निको बसवत. त्यामुळे एक पिकअप दुसऱ्यासारखा नाही. काही अप्रतिम झाले, काही मुळमुळीत. साठ वर्षांत मुळमुळीत गिटारी अडगळीत गेल्या आणि चांगल्या जपल्या गेल्या. म्हणून आज हाती येणाऱ्या जुन्या गिटारी सरासरीने बऱ्या वाटतात. यात लाकडाच्या वयाचं श्रेय किती आणि या चाळणीचं किती, हे वेगळं काढणं अवघड आहे.

वाजवण्याच्या दृष्टीने मात्र जुनी रचना नवशिक्याला अडचणीची असते. जुन्या फेंडरच्या फ्रेटबोर्डची गोलाई ७.२५ इंच त्रिज्येची, म्हणजे चांगलीच फुगीर. कॉर्ड धरायला ती सुखाची. पण ॲक्शन खाली ठेवून वरच्या फ्रेटवर तार ओढून मींड घ्यायला जा, स्वर मधेच गुदमरतो, कारण ओढलेली तार फुगवट्याला टेकते. फ्रेट बारीक. ट्रस रॉडचा नट नेकच्या बुडाशी, म्हणजे बाक सुधारायला नेक सोडवायची. जुन्या टेलिकास्टरवर सहा तारांना तीनच सॅडल (ब्रिजवर तार जिथे टेकते तो तुकडा), त्यामुळे सगळ्या तारा एकदम अचूक सुरात बसवताना तडजोड करावी लागते. आधुनिक गिटारीत गोलाई ९.५ किंवा १२ इंच, म्हणजे जास्त सपाट, नाहीतर खाली गोल आणि वर सपाट होत जाणारी. फ्रेट रुंद, कधी स्टेनलेस स्टीलचे. ट्रस रॉडचा नट सहसा सहज हाती येणाऱ्या जागी. शिकणाऱ्याला ही सोय लाखमोलाची.

मधला मार्गही आहे. जुन्या मापांनी नव्याने बनवलेल्या गिटारी जवळपास सगळ्या कंपन्या काढतात. १९८२ मध्ये फेंडरने स्क्वायर नावाने जपानमध्ये अशा गिटारी बनवल्या. जेव्ही अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकांच्या त्या स्वस्त नकला आता स्वतःच संग्राहकांच्या यादीत जाऊन बसल्या आहेत.

जुनी बघायला गेलात तर

आता माझी चूक. एक जुनी अकूस्टिक घेतली होती. आवाज भरदार, पॉलिश सुरेख, विकणारा गोड बोलणारा. घरी आल्यावर लक्षात आलं की वरच्या फ्रेटवर तारा दाबल्या जात नाहीत. ॲक्शन चारच्या वर. म्हटलं, सॅडल घासून कमी करू. सॅडल आधीच कुणीतरी घासून घासून ब्रिजच्या पातळीला आणलेलं! तारांच्या ताणाने नेकचा कोन वर्षानुवर्षं पुढे झुकला होता. उपाय एकच, नेक काढून नव्या कोनात बसवणं. त्याचा खर्च मी गिटारीला मोजलेल्या पैशांपेक्षा जास्त सांगितला गेला.

हे दोन मिनिटांत तपासता येतं. एक लांब सरळ पट्टी फ्रेटवर आडवी न ठेवता नेकच्या लांबीत ठेवा आणि ब्रिजपर्यंत नेऊन बघा. पट्टीचं टोक ब्रिजच्या माथ्याला टेकलं किंवा किंचित वर राहिलं तर छान. ब्रिजच्या पोटात घुसलं तर हात जोडून बाहेर पडा, किंवा दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करा. सॅडल ब्रिजच्या वर किती उरलंय तेही बघा.

गिब्सनसारख्या गिटारीत डोकं मागे सुमारे १७ अंश झुकलेलं असतं आणि पडल्यावर ते मानेतच मोडतं. नटच्या मागे, पाठीमागच्या बाजूने उजेड तिरपा पाडून रेघ शोधा. नीट चिकटवलेली मान पुढे अनेक वर्षं टिकते, मात्र संग्राहकाच्या लेखी किंमत खूप उतरते. वाजवणाऱ्याला ही पर्वणीच. पुन्हा रंगवलेल्या किंवा पिकअप बदललेल्या जुन्या गिटारींचंही तसंच: आवाज जवळपास तोच, दर बराच कमी.

वयाची खात्री क्रमांकावरून करायला जाऊ नका. गिब्सनने साठच्या दशकात तेच क्रमांक पुन्हा पुन्हा वापरले, आणि फेंडरच्या क्रमांकाची पत्रीच चार स्क्रूंनी लावलेली, ती कुठेही लागू शकते. आतली बटणं जास्त प्रामाणिक. पोटेन्शिओमीटरच्या पाठीवर आकडे कोरलेले असतात: पहिले तीन बनवणाऱ्याचे, पुढचे वर्षाचे, शेवटचे दोन आठवड्याचे. १३७-६६३२ म्हणजे सीटीएस कंपनीचं, १९६६ च्या बत्तिसाव्या आठवड्यातलं. गिटार त्याआधीची असूच शकत नाही, बटण नंतर बदललेलं नसेल तर. म्हणून सोल्डरही बघा. जुनं मंद असतं, नवं चकचकतं.

ब्राझिलियन रोझवुडची गिटार परदेशी न्यायची किंवा आणायची असेल तर कागदपत्रं आधी मागा. १९९२ पासून त्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक निर्बंध आहेत.

अर्धा तास हातात

बसून वाजवा, मग पट्टा लावून उभं राहून. लेस पॉलसारखी गिटार चार किलोंच्या वर सहज जाते आणि खांदा पंधराव्या मिनिटाला बोलू लागतो. आधी ॲम्प न लावता वाजवा. तार छेडून स्वराची आस किती वेळ राहते ते ऐका. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तार न दाबता नुसती हलकेच स्पर्शून निघणारा बारीक स्वर) वाजवा, मग तोच स्वर दाबून. दोन्ही एकच लागले पाहिजेत. फरक असेल आणि इलेक्ट्रिक असेल तर सॅडल पुढे-मागे करून तो जातो. बटणं फिरवा, खरखर झाली तर घाबरू नका, बटणं साफ करायच्या फवाऱ्याने बहुधा जाते. दहा मिनिटं तारा यथेच्छ ओढा आणि मग सूर तपासा.

पहिली गिटार घेत असाल तर माझा कौल स्पष्ट आहे. मधल्या किमतीची, नवी, आधुनिक मापांची घ्या आणि बजेटमधला एक भाग सेटअपसाठी आधीच बाजूला काढा. अगदी सर्वांत स्वस्त पायरी टाळा, तिथे फ्रेटचीच लॉटरी असते. महागडी गिटार दोनेक वर्षांनी घ्या. तोवर तुम्हाला नेक जाड आवडते की सडपातळ, तारेची वाजती लांबी फेंडरसारखी साडेपंचवीस इंचांची की गिब्सनसारखी पावणेपंचवीस, हे हाताला कळलेलं असेल. व्हिंटेज त्यानंतर, तीही जाणकार कारागीर सोबत असताना.

गिटार घरी आली की लगेच ट्रस रॉडला हात लावू नका. केसमध्ये बंद ठेवून दोन-तीन दिवस खोलीच्या हवेला तिला सरावू द्या. नंतर फिरवायचा झाला तर एका वेळी पाव फेरा, मग पुन्हा सुरात लावून मापा. बाराव्या फ्रेटची उंची, नेकचा बाक, तारांचा नंबर आणि तारीख एका चिठ्ठीवर लिहून ती केसच्या कप्प्यात टाका. हवा पालटली की एक दिवस गिटार अचानक बिघडल्यासारखी वाटेल. तेव्हा नवी बघायला निघण्याआधी ती चिठ्ठी काढा आणि पट्टी घेऊन बसा.